बाबांच्या वाटणीचे चार चूड

त्या वाघबारशीला मी वाघोबाच्या पाया पडायला नाही, त्याच्याशी भांडायला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण असे अनुभव लिहायला बसलं की माणूस स्वतःला उगाच फार भाविक करून घेतो. मी भाविक नव्हते. मला राग आला होता, आणि तो ठेवायला घरात कुठे जागा उरली नव्हती.

आमचे हे फौजेत. खर्डीपासून तासाभराच्या वाटेवर आमचं गाव, दोन तुकडे भातशेती, गुडघ्यांनी बसलेल्या सासूबाई, दुसरीतली मंजू आणि चार वर्षांचा बंड्या. त्या वर्षी फौज सीमेवर नेऊन उभी केली होती आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या होत्या. ह्यांच्या पत्रावर गावाचं नाव नसायचं, नुसते आकडे. पंधरा दिवसांनी कधीतरी खर्डी स्टेशनजवळच्या बूथवर फोन यायचा. मी पोरांना घेऊन तिथे दोन-दोन तास बसायचे आणि मग दोन मिनिटं "ऐकू येतंय का" यातच जायची. लोक म्हणायचे, अभिमान बाळग. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावून माझ्या हातात नारळ दिला, खांद्यावर शाल टाकली. बंड्या भोकाड पसरून रडत होता, त्याला बाबा हवे होते. कुणीतरी मला म्हणालं, "पोराला गप कर, भाषण चालू हाय." तो नारळ मी तिथेच कुणाच्या तरी डोक्यात घातला नाही, एवढंच माझं पुण्य.

पण खरा राग माझा माझ्यावर होता. पोरं विचारायची, बाबा कधी येणार? मी सांगायचे, गणपतीला. गणपती गेले, म्हटलं दसऱ्याला. दसरा गेला, म्हटलं वाघबारशीला नक्की, भात कापायला. पत्र आलं की मी ते मोठ्याने वाचायचे आणि त्यात माझ्या मनाने वाक्यं घालायचे. "बंड्याला सांग, मी लवकर येतोय." असं ह्यांनी कधीच लिहिलं नव्हतं. हे बिचारे खत घातलं का आणि गाय व्याली का, एवढंच विचारायचे.

मंजू दुसरीत गेली आणि तिला वाचता यायला लागलं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दसऱ्यानंतर एकदा मी विहिरीवर असताना तिने पत्र्याच्या डब्यातली सगळी पत्रं काढली आणि ओळ न् ओळ वाचली. मी घरात आले तर ती पत्रं पसरून बसलेली. "आये, बाबा येतो म्हनून यात कुठंच नाय लिवलं," एवढंच म्हणाली आणि माझ्याशी बोलायची बंद झाली. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. आजीशी बोलायची, गाईशी बोलायची, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. ताई रुसली म्हणून बंड्याही माझ्या हातचा घास घेईना. बाप लांब होताच, आता आईही त्यांच्या हातची गेली होती, आणि ते मीच केलं होतं.

वाघबारशीला गावचे गुराखी रानाच्या कडेला वाघोबाजवळ खीर शिजवतात, त्याला निवद दाखवतात, वर्षभर गुरांना राखलंस तसं पुढेही राख म्हणतात. ते जेवून पांगल्यावर, भर दुपारी मी तिथे गेले. शेंदूर फासलेला दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. मी हातसुद्धा जोडले नाहीत. म्हटलं, राखणदार म्हणवतोस ना? गुरं राखतोस, आणि माझा माणूस? माझी पोरं? मी रोज खोटं बोलते ते तुला दिसत नाही? एक तारीख दे मला. एक तारीख दे, नाहीतर हा शेंदूर खरवडून काढते. मी ओरडत होते, रडत होते, काय काय बोलले ते आज मला लिहवणार नाही.

"झालं भांडून, बाय? का अजून हाय?"

मागे साजाच्या झाडाखाली एक म्हातारी बसली होती. वरच्या ठाकूरपाड्यातली, पारूबाई. निवदाला काकडी आणि ओंजळभर नवे तांदूळ घेऊन आली होती, आणि माझं संपायची वाट बघत विडी ओढत होती.

"त्याला शिव्या दे, त्याला सवय हाय," ती म्हणाली. "पन पोरांना खोटं कशाला सांगतंस गो?"

"मग काय सांगू? मलाच ठाव नाय ते कधी येनार."

"तेच सांग. नाय ठाव. आमी तेच सांगतो."

तिचा मुलगा आणि सून दरसाल दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे. दोन नातवंडं तिच्यापाशी. भट्टीवरून कधी सोडतील ते मुकादमाच्या मनावर. ती सांगू लागली, "पोरांना नुसती वाट बघाया बसवलं का पोरं सुकतात. राखन द्यावी. माझ्या लेकाच्या वाटचं चार चूड, भाताचं चार बुंधं, मी शेतात न कापता उभं ठेवतंय. पोरं पाखरं हाकतात, बी धरतात. बाप कवा पन येऊंदे, बी तं हाय ना त्याच्या हातात द्यायला." मग उठली, काकडी वाघोबापुढे फोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि चालू लागली.

त्या संध्याकाळी मी दोघांना खळ्यावर घेऊन बसले. म्हटलं, मंजू, मी खोटं वाचत होते. तिने आधी मला मारलं, दोन्ही मुठींनी, छातीवर. मी मारू दिलं. मग ती रडली आणि नऊ दिवसांनी माझ्याशी बोलली, "मग कधी येनार?"

"मला नाय ठाव. बाबांना पन नाय ठाव."

"वाघोबाला?" बंड्याने विचारलं.

"त्याला असंल. पन तो सांगत नाय."

 मला वाटलं, आता बंड्या भोकाड पसरणार. पण त्याने माझ्या पदरातली अर्धी काकडी ओढली आणि खाऊ लागला.

खालच्या तुकड्यातलं भात आम्ही कापलं, कोपऱ्यातले चार चूड ठेवले. मंजूने त्यांना स्वतःच्या केसांची लाल रिबीन बांधली. बंड्या डबा बडवत बांधावर बसायचा आणि भाकरीही तिथेच खायचा. गाव हसलं. कुणी म्हणालं, चार चुडांना दोन पहारेकरी! हसू दे म्हटलं. दाणे पुरते पिकल्यावर पोरांनी ते हाताने चोळून काढले, वाळवले आणि मडक्यात भरले. मंजूने स्वतः पत्रात सगळं लिहिलं. उत्तर आलं, ते पोरांच्या नावाने. "बियाण्यात राख घातली का? कीड लागू देऊ नका." एवढंच. मी ते बोट ठेवून, आहे तसं, एकही शब्द न वाढवता वाचलं, आणि मंजू माझ्या बोटामागून नजर फिरवत होती.

गावातल्या बायका म्हणतात, तुला म्हातारीच्या रूपात देवी भेटली. मला त्याचा संताप येतो. ती देवी नव्हती, पारूबाई होती. तिच्या गुडघ्यांना तेल लागायचं, ते मी पुढे नेऊन देत असे. तिला देवी करून मोकळं व्हायचं आणि भट्टीवर गेलेल्या तिच्या लेकाला विसरायचं, हे मला जमत नाही. वाघोबाने तिला त्या दुपारी तिथे बसवलं असेल, तर ते मी मानते. हात जोडून मानते.

हे आले ते वैशाखात, पेरणीआधी वाफ्यांत पालापाचोळा जाळून राब भाजायच्या दिवसांत. मंजूने मडकं पुढे केलं. ह्यांनी दाणे तळहातावर घेतले, दाताखाली एक फोडून बघितला आणि तिथेच खाली बसून लहान पोरासारखे रडले. ते बियाणं त्यांनी स्वतः पेरलं.

रजा संपली. निघताना बंड्या पायाला बिलगला. हे त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "गणपतीला येतो हां."

मंजू पुढे झाली. "बाबा, ठाव नसंल तर सांगू नका. काम सांगून जा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी दोघांना अंगणातल्या नव्या आंब्याच्या रोपापाशी नेलं आणि कुंपण कसं करायचं ते दाखवलं.

माझा राग अजून गेलेला नाही. ज्याने माणसाला असं दूर ठेवायची रीत केली, त्याच्यावर तो राहीलच. पण त्या दुपारनंतर मी वाघोबाकडे कधी तारीख मागितली नाही. आता दर वाघबारशीला काकडी घेऊन जाते, हात जोडते आणि माझ्या लेकीने बापाला जे म्हटलं तेच म्हणते. काम सांग.