शुगरचा दहावा

आमच्या मामाच्या हातात जिलेबीचं ताट दिसलं की पंगतीतल्या माणसांना धडकी भरायची. पानावर दोन्ही हात आडवे धरले तर हा बोटांच्या फटीतून जिलेबी खाली सोडायचा. कामशेतच्या आसपास लग्न असो, बारसं असो, सप्ताह असो, वाढायला मामा हजर. "आरं, एकीनं काय हुतंय? वाईच पोटाला तरी कळू दे!" असं ओरडत तो पंगतीतून हिंडायचा. लोक म्हणायचे, काय प्रेमळ माणूस! मला नाही पटत. समोरचा हात जोडून नको म्हणतोय ते ज्याला दिसत नाही, तो कसला प्रेमळ? दांडगाई झाली ती. माझ्या आईला, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीला, शुगर निघाली त्याच आठवड्यात या शहाण्यानं तिच्या पानात बासुंदी ओतली होती.

बरं, स्वतः काय कोरडा होता? छे! त्याला रिक्षात घेतलं की शेजारी दुसरं माणूस बसत नसे. शुगर जुनी, इन्सुलिन रोजचं. पण त्यानं एक शास्त्र काढलं होतं : "पंगतीतलं ग्वाड शुगरमधी धरत न्हाईत. त्यो परसाद असतो." आमच्याकडे कुठे ना कुठे पंगत असतेच, त्यामुळे त्याचा प्रसाद वर्षभर चालू. शेवटी डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं, तेव्हाही दवाखान्यातून सुटल्यावर हा थेट एका साखरपुड्याला गेला.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन आणि शुगर दोन्ही मिळून तुमचा पाय खाणार आहेत. पोट लहान करू, आतड्याची वाट वळवू, पाय वाचायची आशा आहे. मामा उसळला. "प्वाट कापून घिऊ? माज्या बापजाद्यात कुणी केलं न्हाई." मामी त्या घरात फारशी बोलायची नाही. बोलून उपयोग नसतो हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं असावं. पण त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "पाय गेल्यावर वाढनार कसं तुमी?" मामा तयार झाला. स्वतःच्या जिवासाठी नव्हे, वाढण्यासाठी!

ऑपरेशन झालं आणि नवल घडलं. वजन अजून जागचं हललंही नव्हतं, तोवर काही दिवसांतच इन्सुलिन बंद. डॉक्टर समोर बसून सांगत होते, मी तिथेच होते : आतड्याची वाट बदलली की शरीर साखरेशी वेगळं वागायला लागतं, म्हणून फरक लगेच दिसतो. पण शुगर गप्प बसली आहे, मेलेली नाही. ती परत उठू शकते. दर तीन महिन्यांनी तपासायची, ताकदीच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. मामानं यातलं काय ऐकलं? इन्सुलिन बंद. बाकीचं बहुधा भिंतीनं ऐकलं.

आणि मग त्यानं जे केलं ते फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. त्यानं शुगरचा दहावा घातला. गुरुजींनी कानांवर हात ठेवले, तेव्हा चार टवाळ मित्र घेऊन हा इंद्रायणीच्या काठावर गेला. भाताचा पिंड, वर एक जिलेबी, शेजारी इन्सुलिनची रिकामी बाटली. मामी रडकुंडीला आली, "अवो, जित्या गोष्टीचा दहावा घालू न्हाई!" ऐकतो कोण? कावळा काही येईना. तासभर वाट बघून मामाच कंटाळला, म्हणाला, "दर्भाचा करा अन् शिववा. मेली ती मेली." गवताचा कावळा पिंडाला टेकवला आणि सगळ्यांनी जिलेबी हाणली. मामाच्या पोटात अर्धीच मावली, तेवढंच त्याला वाईट वाटलं.

पुढे हा ऑपरेशनचाही आग्रह करायला लागला. भेटेल त्याला, "करून टाक, लय सोपं हाय." गावातल्या हाडकुळ्या दूधवाल्यालाही सोडलं नाही.

मामी तपासणीचं नाव काढायची, तेव्हा तो गंभीर व्हायचा. "जिचा दहावा घातला तिला पुना हुडकायची? काय तरी इपरीत घडंल." थट्टेत घातलेला दहावा त्याचा त्यालाच खरा वाटायला लागला होता, बघा! ताटभर जेवण पोटात मावत नाही म्हणून खिशात कागदाच्या पुडीत जिलेबी ठेवायचा आणि दिवसभर एकेक तुकडा चघळायचा. चार-पाच वर्षं अशी गेली. वजन हळूहळू परत चढलं. शुगर कधी उठून बसली ते कुणालाच कळलं नाही, कारण कुणी तिच्याकडे बघतच नव्हतं.

एका लग्नात मांडवाचा खिळा तळपायात घुसला. शुगरनं पाय बधिर झालेले, याला पत्ता नाही. शेवटची पंगत उठेपर्यंत तसाच वाढत होता. घरी फरशीवर रक्ताचे ठसे मामीनं पाहिले. तरी हळद लावून आठवडा काढला. पुण्याला नेलं तोवर विष अंगभर गेलं होतं. मी त्याला नाही नाही ते बोलले. संताप संताप झाला होता माझा. हा मात्र शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोला विचारत होता, "ताई, जेवलीस का? जेवून घे."

तिसऱ्या दिवशी मामा गेला.

दहाव्याला नदीकाठी ही गर्दी. एका पुढाऱ्यानं भाषणात सांगितलं, मामांनी तालुक्याला तृप्त केलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिंड ठेवला, वर कुणीतरी आठवणीनं जिलेबी ठेवली. समोर बाभळीवर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. लोकांनी आणखी जिलेबी ठेवली, बुंदी ठेवली, हात जोडले, "मामा, काय राहिलं असंल तर सांगा." शेवटी कुणीतरी दर्भ हातात घेतला.

"ठेव त्यो खाली," मामी म्हणाली. एवढ्या मोठ्यानं बोलताना तिला मी पहिल्यांदाच ऐकलं. ती पुढे आली, सगळं गोड उचलून पदरात घेतलं, पिंडावर नुसता भात ठेवला. "बास झालं आता," ती म्हणाली. "येवढं तरी ऐका माजं."

ती मागे सरली आणि कावळा उतरला.

तेराव्याला मामीनं जिलेबी करू दिली नाही. भात, आमटी, एक भाजी. मी पानावर सवयीनं दोन्ही हात आडवे धरून बसले होते. वाढपी आला, नको समजला आणि मुकाट पुढे निघून गेला.