दोन कबुलीजबाब

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींची गाडी ओढणाऱ्या त्या सव्वीस वर्षांच्या गड्याला सगळे होयबा म्हणत. "आज रविवार ना रे?" "हो." "की सोमवार?" "हो." लोक पोट धरून हसत. त्याची आई तिथंच इस्त्रीला होती. ती इस्त्री आणखी जोरानं दाबायची. शाळेत मास्तरांनी, पुढे मुकादमानं त्याला बडव बडव बडवलं, तेव्हा तिनंच शिकवलं होतं, "समोरचा म्हणेल त्याला हो म्हणावं. मार चुकतो."

एका दुपारी एका नर्सबाईंच्या कपाटातली सोन्याची साखळी गेली. पोलिसांनी विचारलं, "तू घेतलीस?" "हो." "विकलीस?" "हो." "की फेकलीस?" "हो." आता विकलेली साखळी फेकणार कशी, पण हवालदाराला काय त्याचं! आयता चोर मिळाला. साखळी मिळालीच नाही. न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हाही पठ्ठ्या हो म्हणाला.

वकीलबाई भल्या होत्या. त्यांनी डॉक्टर आणला. तो म्हणाला, आईच्या पोटात असताना दारू पोचली की मेंदू असा घडतो. असा माणूस दडपणाखाली काहीही कबूल करतो, काल शिकवलेलं आज विसरतो.

वकीलबाई आईला म्हणाल्या, "पण मावशी, तुम्ही प्यायचात हे तुम्हीच कोर्टात सांगायला हवं."

सव्वीस वर्षं तिनं त्याच्या मंदपणाचं बिल तान्हेपणीच्या तापावर फाडलं होतं. सगळ्या नातेवाइकांना तिनं तापच सांगितला होता. सुनावणीला नणंद पुढच्याच बाकावर बसलेली. आईनं साक्षीच्या पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला आणि सांगून टाकलं, "रोज प्यायचे. सातव्या महिन्यापर्यंत. कळत नव्हतं असं नाही, सुटत नव्हती."

सरकारी वकिलानं तिचे आभार मानले. मेल्याची जीभ कशी झडली नाही! म्हणाला, आरोपीचा मेंदू सुधारणार नाही, हे आता त्याच्या आईनंच सांगितलं. उद्या तो पुन्हा चोरी करणार नाही याची हमी कोण देणार? न्यायाधीशांना पटलं. तीन वर्षं.

नणंद तिच्याकडे न बघता निघून गेली. पोलीस त्याला नेऊ लागले, तसा तो वळून म्हणाला, "आई, तू कशाला रडतेस? तू कुठं काय केलंस?"

तिनं वकीलबाईंचा हात धरला. "मला टाका ना आत. मी केलंय. सगळ्यांसमोर कबूल केलंय."

वकीलबाई फाइल बांधत म्हणाल्या, "मावशी, त्याला कलम नाही."