फोनात जागा नाही

आधीच सांगून ठेवते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. माहेर वेल्ह्याकडचं, त्यामुळे चकवा, हडळ, मुंजा सगळं ऐकतच वाढले आणि सगळ्याला हसत आले. बारा वर्षं झाली, कापूरहोळला भोर फाट्यावर मोबाईल रिपेअरिंगचं दुकान चालवतेय. फोन बिघडला तर त्याला कारण असतं, एवढाच माझा धर्म. तेव्हा कमेंटमध्ये ‘ताई, कॅशे क्लिअर केली का’ म्हणून शिकवायला येऊ नका. केली. आधी वाचा तरी!

आंबवड्याच्या हौसाआजी दुपारी दुकानात आल्या. पदराच्या गाठीतून फोन काढला... नवऱ्याचा, सोळा जीबीचा, कोपऱ्यात तडकलेला. आजोबा सारोळ्याजवळ एका गोडाऊनवर रात्रपाळीचे वॉचमन होते. दिवाळीत वारले.

“नात म्हनती, ह्यात जागा न्हाई.”

“भरलाय हो आजी. जागा करू का?”

आजी माझ्याकडं बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “व्हत्याल का जागं? करा की बाई.”

मला वाटलं, म्हातारीची बोलायची पद्धत. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

स्टोरेज कशानं भरतं हे मी दिवसातून दहादा समजावते. शुभ सकाळचे गुलाब, एकच भजनाचा व्हिडीओ चार ग्रुपवरून चारदा आलेला, ॲपची कॅशे, अर्धवट राहिलेले डाउनलोड. ते सगळं उडवलं. तरी दोन जीबी कुठंतरी अडकलेले. शोधलं तर कॉल रेकॉर्डिंगचा फोल्डर. प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत होता आणि पाच वर्षांचे हजारो कॉल साठलेले. चार-पाच ऐकले. सगळे रात्रीचे, सगळे सारखे. बाई विचारते, “जागं हाय न्हवं?” मग खोकला, मग पुरुषाचा आवाज, “जागा हाय. नीज तू.” संपलं! वॉचमनला डुलकी लागली तर नोकरी जाते, म्हणून ही घरून उठवत असणार.

मी म्हटलं, डुप्लिकेट आहेत. हजार वेळा तेच वाक्य कुणाला लागतं? सिलेक्ट ऑल, डिलीट. आणि विचारलंसुद्धा नाही हो मी!

तिसऱ्या दिवशी आजी परत आल्या. तोंड सुकलेलं.

“बाई, त्ये बोलंनात की. नातीनं बटन दावलं व्हतं, त्ये दाबलं की बोलायचं. तुमी म्हनला जागं करते... आन पार निजवलं की वो.”

दोन दिवसांत आजींनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. मी हात जोडून सांगितलं, “आजी, चूक माझी. फोन ठेवून जा, मी काढते परत.” सिम काढून त्यांच्या हातात दिलं, फोन एअरोप्लेन मोडला टाकला, कॉम्प्युटरला जोडला. रिकव्हरीची माझ्याकडं होती नव्हती ती सगळी सॉफ्टवेअर चालवली. एकही फाईल मिळाली नाही. स्टोरेज बघितलं, मी मोकळी केलेली जागा तशीच मोकळी.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून ड्रॉवरमधून फोन काढला तर स्क्रीनवर मेसेज — जागा शिल्लक नाही.

सिम नाही, नेट नाही, रात्रभर ड्रॉवरला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. भरला कशानं? गुलाब परत आले नव्हते, व्हिडीओ नव्हते. जागा मात्र संपलेली. ‘इतर’ नावाखाली काहीतरी धरून बसलेलं आणि उघडायला गेलं तर एकही फाईल नाही. कॅशे, ट्रॅश, लपवलेले फोल्डर, सगळं तपासलं. मेमरी चिप गेली असेल म्हणून तीही टेस्ट केली. ठणठणीत!

तेवढ्यात आजींच्या मुलाचा फोन. “ताई, फॉरमॅट मारा सरळ. आईच्या डोक्यातलं खूळ तरी जाईल.”

“आईला विचारल्याशिवाय बोटसुद्धा लावणार नाही,” म्हटलं, आणि कट केला. एकदा न विचारता हात लावून बसले होते ना.

बाराच्या सुमाराला आजी आल्या. बाहेर टेम्पोवाले हॉर्न मारतायत, समोरच्या ढाब्यावर फोडणीचा वास, लख्ख ऊन. म्हणजे अंधारात भास झाला वगैरे मला सांगूच नका. आजींनी फोन उचलला. कुठलंच ॲप उघडं नव्हतं, स्क्रीनवर फक्त तो मेसेज. त्यांनी सवयीनं फोन कानाला लावला आणि म्हणाल्या,

“जागं हाय न्हवं?”

फोनातून खोकला आला. तोच... मी काउंटरच्या अलीकडं होते, हातभर अंतरावर.

“जागा हाय. जेवलीस का?”

आजी रडल्या नाहीत. “न्हाई अजून,” म्हणाल्या, जसं काही समोर बसलेल्या माणसाला सांगतायत. नंतर फोन गप्प. आजींनी तो परत पदराच्या गाठीत बांधला.

आता म्हणाल, जुनी फाईल कुठंतरी राहिली असेल आणि आपोआप वाजली असेल. मग ‘जेवलीस का’ कुठून आलं, याचं मला उत्तर द्या. ते कॉल सगळे रात्रीचे होते. मी आजींना मुद्दाम विचारलं, कॉलवर कधी जेवणाचं बोलायचे का?

“ड्युटीवर कशाला इचारत्याल? जेवूनच जायाचं की त्ये. मला वाढून, माज्यासंगट.”

गावातल्या दोघा-तिघांनी सांगितलं, फोन नीरा नदीत टाकायला लावा. एकानं उतारा सुचवला. कुणाचंही ऐकलं नाही, ऐकणारही नाही. भूत असेल तर असू दे, जेवलीस का म्हणून विचारणारं भूत मला चालतं. गिऱ्हाइकांना मात्र आता ‘जागा करू का’ म्हणत नाही. काय उडवायचंय ते आधी दाखवते, ऐकवते.

आजींच्या मुलाचे अजून फोन येतात, फॉरमॅटचं काय झालं म्हणून. नाही मारणार म्हणजे नाही मारणार!

गेल्या बाजारच्या दिवशी आजी आल्या होत्या. जरा अंग धरलंय. मी विचारलं, “परत बोलले का हो काही?”

“न्हाई बाई. पर रोज जेवते आन मंगच कानाला लावते. परत इचारलं तर न्हाई कशी म्हनू?”