कोकिळाबाईची खुडूक कोंबडी

हिंगणघाटाहून समुद्रपूरकडे निघालं की फाट्यावर निळ्या पडद्यांची लांबलचक शेड दिसते, ती रूपरावची पोल्ट्री. रूपरावची म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. शेड त्याची, मेहनत त्याची अन् बायकोची. पिल्लं मात्र कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. एका दिवसाचं पिल्लू येतं, चाळिसाव्या दिवशी दोन किलोचं होऊन जाळीच्या क्रेटमध्ये बसतं आणि ट्रक हायवेला लागतो. ते नागपूरच्या कढईत पडलं की हैदराबादच्या, हे रूपरावला कधी कळलं नाही. एकही पक्षी आरवायला शिकेपर्यंत राहत नाही. पाच हजार कोंबड्यांच्या दारात पहाट होते ती मोबाइलच्या घंटीनं!

गोष्ट मात्र त्याच्या बायकोची, कोकिळाबाईची. आष्टीकडून ती लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या आईनं, सुलोचनाबाईनं, एक उघड्या मानेची कोंबडी टोपलीत घालून तिच्या मांडीवर दिली होती. आर्वीच्या स्टँडवर त्या कोंबडीनं टोपलीतच अंडं घातलं. कंडक्टर म्हणाला, "पोरी, आता याचंबी तिकीट काढ!" सारी बस हसली. नवी नवरी घुंगटाआड हसली. पुढं अठ्ठावीस वर्षं तिच्या अंगणात त्याच कोंबडीचा वंश नांदला. आई गेली, पण दर विणीत एखादं तरी पिल्लू उघडी मान घेऊन निघायचं आणि कोकिळाबाई म्हणायची, "आली वं माय."

मग पोल्ट्री आली आणि पोल्ट्रीबरोबर दाराला पाटी आली: आवारात दुसरे पक्षी पाळू नयेत. गावरान कोंबडीचा रोग कंपनीच्या नाजूक पक्ष्यांना लागतो म्हणे. नियम काही चुकीचा नव्हता. पण तो पाळून घ्यायला जो सुपरवायझर यायचा, हेमराज, तो स्वतः कंपनीच्या ब्रॉयलर कोंबडीला शिवत नव्हता. "कापूस खाल्ल्यासारखं लागते," म्हणायचा. "भाभी, पाटी मी पाह्यली, तुमच्या कोंबड्या नाई पाह्यल्या. शिजवा एखादी." अशा शिजवता शिजवता दोन वर्षांत अंगण रिकामं झालं. गेल्या खेपेस कोंबडाही त्याच्या ताटात गेला. उरली एक उघड्या मानेची कोंबडी, आणि त्या कोंबड्यापासूनची तिची तेरा अंडी. कोंबडी खुडूक झाली तशी कोकिळाबाईनं तिला कोठ्यात कडब्याआड अंड्यांवर बसवलं. ही तेरा फुटली तर वंश राहणार, नाहीतर संपला.

अठराव्या दिवशी सकाळीच हेमराजचा फोन आला. नव्या पिल्लांसाठी शेड पाहायला येतो, आणि जेवायलाच येतो.

रूपराव कोठ्याकडं पाहायला लागला. कोकिळाबाई दारात आडवी उभी राहिली. "तिकडं पाहू नका. मी बाजारातून आणतो." ती हिंगणघाटला गेली. लहानू कोंबडीवाल्यानं तिला लाल पिसांची क्रॉस कोंबडी दिली. दिसायला गावरान, वाढलेली जाळीत, गोणीतल्या खाद्यावर. "काकू, अर्धा जिल्हा हेच गावरान म्हणून खाऊन राह्यला. कोणी अजून परत घेऊन नाई आला."

हेमराजनं हाडं चोखली, बोटं चाटली. "वा भाभी! कंपनीत हे नाई बनत."

"शेवटची होती, साहेब," कोकिळाबाई म्हणाली. "आता आवारात एकबी नाई."

आता बसलेली कोंबडी दिवसातून एकदा दाणापाण्याला उठते, हे कोंबड्या पाळणाऱ्या बाईला शिकवावं लागत नाही. पण त्या दिवशी भाकरी, रस्सा, साहेब, या गडबडीत कोठ्याचं दार लोटायचं राहिलं. कोंबडी पिसं फुलवून, खुडखुड करत, थेट ताटासमोर आली.

हेमराज हसला. "अन् ही कोण हो मग? शेवटचीच्या मागची?"

कोकिळाबाई पटकन म्हणाली, "अंड्यांवर आहे, साहेब. तीन दिवस राह्यले."

"परवा मोठे डॉक्टर येऊन राह्यले. एक पीस दिसलं तं पिल्लं नाई भेटत. मी घेऊन जातो, तुमची झंझट मिटली."

"अन् अंडी?"

"तेरा अंड्यांले काय रडता, भाभी? पाच हजार पिल्लं देऊन राह्यलो ना मी!"

पाय सुतळीनं रूपरावनंच बांधले. मोटारसायकलच्या हँडलला उलटी लटकून कोंबडी फाट्यापर्यंत ओरडत गेली.

कोकिळाबाईनं अंडी कापसात गुंडाळून चुलीजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी नव्या पिल्लांसाठी रूपरावनं शेडमध्ये तुसावर शेगड्या पेटवल्या. कोकिळाबाई अंड्यांची परडी घेऊन शेडच्या दारात आली. "एका कोपऱ्यात ठेवू द्या. दोन दिवस."

"डॉक्टर येऊन राह्यला, येडी झाली काय? अंडी दिसली तं?"

"पाच हजाराईले पुरते ती ऊब. माह्या तेराले नाई पुरत?"

रूपरावनं पडदा आतून सोडला; परडी परत चुलीजवळ गेली.

एकविसाव्या दिवशी एका अंड्याला चोच मारल्याचं भोक पडलं. दुपारपर्यंत आतली टकटक थांबली. तिनं कवच सोललं. मान उघडी होती. बाकीची बारा तर गारच पडली होती. त्याच वेळी दारात कंपनीची गाडी लागली आणि खोक्यांतून पाच हजारांचा चिवचिवाट सुरू झाला. परडी उकिरड्यावर रिकामी करून, हात धुऊन, ती खोकी उतरवायला गेली. करते काय?

आठवड्यानं हेमराज वजनं घ्यायला आला. चहा पिता पिता म्हणाला, "भाभी, ती तुमची कोंबडी काई कामाची नाई निघाली. नुसती हाडं. दोन तास शिजली, तरी वातडच. तुम्ही खाऊ घातली ते खरी गावरान होती."

रूपरावनं मान खाली घातली. कोकिळाबाईनं हेमराजच्या हातातली रिकामी कपबशी घेतली.

"हो साहेब," ती म्हणाली. "पुढच्या खेपेले तशीच आणून ठेवतो."