आयरिसला दिलेली जागा

लोहा गावच्या चतुराबाईंच्या हाताला गुण आहे, असं गल्ली म्हणायची. सुकायला लागलेलं झाड बायका त्यांच्याच दारी आणून ठेवत. म्हणून शेजारच्या सरजाबाईंनीही आयरिस नावाच्या फुलझाडाचे तीन गड्डे आणून दिले. त्यांची लेक लुंबिनी हिमाचलात नोकरीला, तिनं आणलेले.

"वर्षातून दोनदा फुलतंय म्हणं. ऊन पायजे, पाणी थांबू नये. गड्डा अर्धा उघडाच ऱ्हाऊ द्या."

"मला शिकवून राहिल्या का, सरजाबाई?" चतुराबाई हसल्या.

तशी जागा अंगणात एकच होती. तुळशीपाशी, मुरमाड उंचवट्यावर. सकाळभर ऊन, दुपारी भिंतीची सावली. खुरपं घेऊन त्या तिथं बसल्याही. मग मनात आलं, बौद्धांच्या घरचं ते, देवापाशी कशाला? हे त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. उठल्या अन् परसात मोरीच्या कडेला, अळूच्या शेजारी, गड्डे पुरून मोकळ्या झाल्या.

दिवाळीनंतर सरजाबाई आपल्या दारच्या आयरिसचं जांभळं फूल घेऊन आल्या. "दुसऱ्यांदा फुललं बघा! तुमच्याकडं किती आले?" असं म्हणत त्या थेट परसात गेल्या. चतुराबाईंना अडवता आलं नाही. चिखलात गड्डे कुजून लिबलिबीत झाले होते.

"मोरीपाशी लावले व्हय?"

"पुढं ऊन लई लागतंय..."

"अन् म्हणं हाताला गुण हाय!" सरजाबाई हसल्या. मग उघड्या दारातून पुढच्या अंगणात, तुळशीपाशी रिकाम्या जागेकडं त्यांची नजर गेली, अन् हसू थांबलं. "मीच विचारायला पायजे होतं, तुमच्यात चालंल का म्हणून." फूल धुण्याच्या दगडावर ठेवून त्या निघून गेल्या.

सांजेला दिवा लावताना चतुराबाईंच्या तोंडून देवाचं नाव निघेना. देवाला सगळं ठाऊक होतं, आता सरजाबाईंनाही.

सकाळी त्या शेजारच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. "एक गड्डा द्या."

"कशाला? मोरी भरायला?"

"चुकले मी. चला, जागा दाखवते."

सरजाबाई गड्डा घेऊन आल्या खऱ्या, पण तुळशीपासून चार हात अलीकडंच थांबल्या. "हात कुणी लावायचा? तुम्ही का मी?"

"तुम्हीच लावा," म्हणत चतुराबाईंनी खुरपं पुढं केलं. सरजाबाई माती सारखी करून उठेपर्यंत चतुराबाईंना मान काही वर करता आली नाही.