अक्काला बोलू दिलं नाही

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर, सुलोचनाअक्कावर. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुपारच्या जेवणानंतर, धुळ्यात देवपुरातल्या तिच्या स्वतःच्या ओट्यावर. करणारी माणसं वाईट नव्हती, तिच्यावर जीव टाकणारी होती. वाईट माणसांविरुद्ध मी पुष्कळ पत्रकं काढली आहेत. ते काम सोपं असतं. हे अवघड आहे, म्हणून आजवर टाळत होते.

अक्का जाऊन काही आठवडे झाले. गंधमुक्तीचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले, तिचा मुलगा हेमंत पुण्याला गेला. मला मात्र एका जागी बसवत नाही. रस्त्यात कुणी भेटतं, म्हणतं, "सुटल्या बिचाऱ्या." कशातून सुटल्या, हे कुणी सांगत नाही...

मी धरणगावची. कॉलेजसाठी अक्काकडे राहायला आले आणि राहिलेच. ती शाळेतून निवृत्त झालेली, नवरा आधीच गेलेला. दर बुधवारी संध्याकाळी तिच्या ओट्यावर बायका जमायच्या आणि पुस्तक वाचायच्या. पोथी नाही, कादंबरी नाही. काम कसं करावं, निर्णय कसा घ्यावा, मुलं कशी वाढवावीत, दुःखातून कसं सावरावं, असली पुस्तकं. मला त्यांचा भयंकर राग यायचा. मी म्हणायचे, "अक्का, ही पुस्तकं म्हणजे ज्याच्या पाठीवर ओझं आहे त्यालाच सांगायचं, पाठ सरळ ठेव." ती हसायची. "तू तुझी पत्रकं वाट व माय. त्यानं काय फरक पडला ते सांग, मग मी पुस्तकं सोडते."

पण तिची एक अट होती. पुस्तकातलं पटलं की नाही, ते नंतर. आधी आठ दिवस करून बघायचं. एका वेळी एकच काम, असं कुठल्याशा पुस्तकात आलं, तर बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजवताना तिनं सगळ्यांचे फोन पिंपात ठेवले. कोरड्या पिंपात, हे नशीब. नाही म्हणायला शिका, असं आलं, तर लग्नाचे पाहुणे आपल्याकडे उतरवायला तिनं चुलत दिराला सरळ नाही म्हटलं. ते घराणं दोन दिवाळ्या बोललं नाही. अक्का म्हणाली, "पुस्तक बरोबर शे. फक्त पुढे काय होतं ते लिहायचं राहिलंय."

मुलांवरचं पुस्तक तिनं माझ्यावर वापरलं. खेड्यापाड्यांतल्या मुलींना कॉलेजच्या वेळेला एसटी मिळावी म्हणून आम्ही पत्रकं वाटत होतो. एका साहेबांनी माझ्यासमोर पत्रक फाडलं. मी घरी येऊन बोलत सुटले. बाबा समोर असते तर म्हणाले असते, अभ्यास कर. अक्का शेंगा सोलत बसली होती. मधेच "मंग?" म्हणायची आणि पुन्हा गप्प. मी रडले, चिडले, शेवटी पुढं काय करायचं ते माझं मलाच सुचलं. ऐकणं हे काम आहे आणि त्याला वेळ लागतो, एवढं त्या दिवशी कळलं. तिनं ते पुस्तकातून घेतलं होतं, हे मला खूप नंतर समजलं. थोडी जिरलीच माझी.

आता ओट्यावरचा एक नियम. बुधवारी कुणी रडगाणं सुरू केलं की सगळ्यांचा चहा तिनंच करायचा. सून बोलत नाही? चहा. गुडघे दुखतात? चहा. अक्कानंच काढलेला नियम, कुठल्याशा पुस्तकातल्या "तक्रार थांबवा" वरून. बायकांना भारी आवडला. ओट्यावर हसू कमी पडायचं नाही.

मग अक्काला कॅन्सर झाला. एकदा उपचार झाले, बरं वाटलं, आजार परत आला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता औषधानं बरं होणार नाही, थोडे दिवस वाढतील कदाचित, घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणजे अक्का. पण ठरवायला बसले बाकीचे सगळे.

आखाजीला माहेरवाशिणी आल्या होत्या. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, पोरींची झोक्यावरची गाणी. जेवणं झाल्यावर बुधवारच्या बायका ओट्यावर टेकल्या. हेमंतही होता. अक्का भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला रुमाल. गाणं थांबल्यावर म्हणाली, "मला एक सांगायचंय. मला आता ते औषध नको. मला घरीच..."

बुधवारच्यांतल्या प्रमिलाताई टाळी वाजवून म्हणाल्या, "अक्का! रडगाणं! चहा तुमच्याकडे!"

सगळ्या हसल्या. हेमंतही हसला, सुटल्यासारखा. "आई, हार मानायची नाही. तूच शिकवलंस ना?" दुसरी कुणी म्हणाली, मनात आणलं की शरीर ऐकतं. तिसरीनं मोबाइलवर सुविचार काढला.

अक्का उठली. खरंच उठली, चहा करायला. मी आत धावले. ती स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला हात टेकून आधण ठेवत होती. मी म्हटलं, "मी बाहेर जाऊन सगळ्यांना हाकलते." ती म्हणाली, "नको. नियम माझाच ना. दुखणाऱ्याचं तोंड बंद करायचा नियम होता तो, मला इतकी वर्षं कळलं नाही."

मी हेमंतशी भांडले. तो म्हणाला, "तुझं काय जातं? आई माझी आहे." खरं होतं. तो घाबरला होता, ते मला दिसत होतं, पण घाबरलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्याचं अंग द्यायचं का? तरी त्यानं तिला जळगावला दवाखान्यात नेलं. सुया, उलट्या, भेटायला येणारे, आणि प्रत्येकाच्या ओठावर तेच, पॉझिटिव्ह राहा. अक्का तोंड उघडायची आणि कुणीतरी सफरचंद कापायला घ्यायचं.

शेवटी एका दुपारी तिनं हेमंतचं मनगट धरलं. एखाददुसरा शब्द सोडला तर आयुष्यभर शाळेतली मराठी बोललेली बाई, त्या दिवशी सगळ्यांकडे बघत आईची अहिराणी बोलली. "आते बठ्ठा गप बसा. माले घर जानं शे."  हेमंत खाली बसला आणि तिच्या हातावर कपाळ टेकलं.

घरी आणली तेव्हा फार उशीर झाला होता. खाट मागच्या दाराशी लावली, तिथून पेरूचं झाड दिसतं. तिनं एकदा डोळे उघडले. घर ओळखलं की नाही, मला माहीत नाही. हेमंत म्हणतो, ओळखलं. म्हणू दे.

द्वारदर्शनाला, म्हणजे सांत्वनाला, बायका आल्या. प्रमिलाताई म्हणाल्या, "शेवटपर्यंत किती पॉझिटिव्ह होत्या!"

मी म्हटलं, "नव्हत्या. त्यांना बोलू दिलं नाही आपण."

 कुणीतरी माझा हात दाबला. प्रमिलाताई उठून जातील असं वाटलं, पण त्या पदराशी चाळा करत बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "घरी सासूबाई पडून आहेत. त्या काही सांगायला लागल्या की मी भजनं लावते, मोठ्या आवाजात... काय विचारू गं त्यांना?"

"भजनं बंद करा आधी. मग विचारा, काय पाहिजे."

"आणि जे सांगतील ते मला झेपलं नाही तर?"

  एवढं विचारून त्या चहाला न थांबता घरी गेल्या.

तुमच्याही घरात कुणीतरी अंथरुणावर असेल. नसेल, तर शेजारी असेल. हातातली ही वर्तमानपत्राची पुरवणी घडी करून ठेवा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. धीर देऊ नका, उदाहरणं देऊ नका, कुणाचा कॅन्सर कसा बरा झाला ते सांगू नका. काय हवंय ते विचारा. उत्तर नको असलेलं आलं तरी ते पूर्ण होऊ द्या. मग घरातल्या बाकीच्यांना त्याच शब्दांत सांगा, गोड न करता. आज जा, त्यांच्या तोंडात शब्द आहेत तोवर.