सहा ब्रॅकेट

लष्करी विमानाचा भाग छापायचा, म्हणजे धातूच्या भुकटीचे थर लेझरने वितळवत उभा करायचा, असं आमच्या अकोल्यात सांगितलं की लोक हसायचे. हसा म्हटलं! अमरावतीच्या एमआयडीसीत माझा छोटा कारखाना आहे. सुरुवात कोणत्या भागानं करायची, यावर मी वर्षभर डोकं खपवलं. शेवटी नळी धरून ठेवणारा तळहाताएवढा ब्रॅकेट निवडला. त्याचे सहा नमुने लष्कराच्या तपासणीत पास झाले तर पुढचं काम, नाहीतर दार बंद.

नमुने घासून साफ करायला माझे बाबा होते. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या दुकानात कापसाच्या जिनिंग मशीनचे तुटके भाग जोडण्यात त्यांची हयात गेली. जोड दिसला तर तो कारागीर कसला, हा त्यांचा हेका.

तपासणीच्या आदल्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "एकाले बारीक भोक होतं वं. वेल्डिंगनं बुजवलं. आता कोणाच्या बापाले सापडत नाही."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, काय करून बसले तुमी! इथं भोक लपवायचं नसते, सांगायचं असते!"

"काहून ओरडून राहिली? मजबूतच केलं ना मी."

"कोणता तो, दाखवा."

नंबर अजून कोरले नव्हते. भिंग घेतलं, सहाही उन्हात नेले. त्यांना स्वतःचाच जोड सापडेना. मला रडू येत होतं आणि, खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटत होता.

तपासणी अधिकाऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं. सहाही बाद. नवे आणा म्हणाले, पण तुमची पाळी आता शेवटी. आणणारच, म्हटलं.

बाबांनीच सहाही कापले. चौथ्यात सापडलं. वर गुळगुळीत, आणि खाली पोकळी पार आतपर्यंत गेलेली. बाबा बघतच राहिले. "कोणाचं तरी लेकरू बसलं असतं वं त्या विमानात," एवढंच बोलले.

दुसऱ्या खेपेला मी सात छापले, नंबरासकट. बाबा एक घेऊन टेबलाशी आले. त्यावर लाल खडूचा गोल.

"भोक आहे. हात नाही लावला मी."

मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी लिहिलं, 'पाच नंबर, भोक, बाद', आणि खाली सही ठोकली.

उरलेले सहा पास झाले. पाच नंबर मात्र बाबांनी भंगारात टाकू दिला नाही. जुन्या शहरातल्या दुकानात तो ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला भोक दिसेल असा.